टाकीचं झाकण

अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने बाबांची वाचा गेली होती. चाळीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस मागच्या सीटवर गप्प बसून होता, आणि त्यांना उपचाराला घेऊन निघालेली त्यांचीच गाडी वाटेत तिसऱ्यांदा बंद पडली. जरा थांबलं की सुरू व्हायची, थोडं अंतर गेलं की पुन्हा बंद. मी बॅटरी पाहिली, प्लग पाहिले. सगळं ठीक.

"बाबांच्या हाताखाली शिकलीस ना? मग कर की काहीतरी!" आई खिडकीतून म्हणाली.

तेवढ्यात तिच्या शेजारून आवाज आला, "झा... झाकण."

मी धावत जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलं होतं, म्हणून पेट्रोल पुढे येत नव्हतं! चावी फिरवताच इंजिन सुरू!

"आठ महिने माझं नाव वदवून घ्यायला धडपडतेय," आई रडत रडत हसली, "आणि पहिला शब्द काय, तर झाकण!"

भोक साफ करायला मी पिन काढली, तशी आईने उतरून माझा हात धरला.

"राहू दे गं. झाकण तसंच घट्ट लाव. अजून एकदा बंद पडू दे."