सख्खे काका

"मयत तुमचे कोण?" खिडकीतल्या कारकून बाईंनी विचारलं.

"काका. सख्खे," बहिणीला घेऊन आलेला भाऊ म्हणाला. 'सख्खे'वर त्याने एवढा जोर दिला, की रांगेतल्या मागच्या माणसाने सहानुभूतीने मान हलवली.

कुणी दावा न केलेल्या रकमांचं ते सरकारी कार्यालय. बंद खात्यांत, बुडालेल्या कंपन्यांत अडकून पडलेले लोकांचे पैसे सरकार इथे सांभाळतं आणि नावांची यादी संकेतस्थळावर लावतं. गेल्या रविवारी बहिणीने त्या यादीत आधी स्वतःचं नाव शोधलं, मग नवऱ्याचं, मग घराण्यातल्या झाडून सगळ्या मयतांचं. जे अजून हिंडते-फिरते आहेत पण वय झालंय, त्यांचीही नावं हातासरशी टाकून पाहिली. सापडले ते काका. बंद पडलेल्या छापखान्यातला तीस वर्षांचा फंड, व्याजासकट. आकडा पाहून तिने भावाला फोन लावला. दोघं दोन वर्षं बोलत नव्हती, ती बोलायला लागली.

बाईंनी नात्याचा पुरावा मागितला. तो नव्हता. एक फोटो होता, काकांच्या खांद्यावर बसलेला लहानपणचा भाऊ. पण अल्बम आवरताना बहिणीनेच तो काढून टाकला होता. काकांचं वर्षाला एक पत्र यायचं, ते भावाची बायको रद्दीत घालायची. काका गेल्यावर घरमालकाने खोली रिकामी करायला बोलावलं, तेव्हा नेमका दोघांनाही वेळ नव्हता. हे सगळं बहिणीने अगदी मोकळेपणाने सांगितलं, हयगय जणू बाईंकडूनच झाली होती. वर रक्ताच्या नात्याला कागद कशाला लागतो, असंही विचारलं.

दाव्याच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. चार वाजता खिडकी बंद झाली की रक्कम कायमची सरकारजमा. बाईंनी घड्याळ पाहिलं. तीन चाळीस. समोर काकांची फाईल होती आणि तिच्यातला एक कागद त्यांनी सकाळीच वाचला होता. नुसतं वीस मिनिटं गप्प बसायचं होतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी कागद दडवला नव्हता, आणि सुरुवात करावी एवढीही ही दोन माणसं लायक वाटेनात.

त्यांनी तो कागद काचेखालून सरकवला.

सहा वर्षांपूर्वी काका सरकारी रुग्णालयात वारले, तेव्हा रुग्णालयाने पुतण्याला कळवलं होतं. त्याचं हे उत्तर. मयताच्या बाकी कागदांबरोबर ते इथे येऊन पडलं होतं. 'सदर मयत हे माझे सख्खे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू असले, तरी आमचा त्यांच्याशी कसलाही संबंध राहिलेला नाही. प्रेत आम्ही ताब्यात घेणार नाही. परस्पर विल्हेवाट लावावी.' खाली भावाची सही. साक्षीदार, बहीण.

भावाने ते वाचलं. त्याचा चेहरा पडला असं बाईंना क्षणभर वाटलं, पण तो फक्त बारीक अक्षरासाठी चष्मा खाली ओढत होता.

"याच्यावर होईल?" त्याने विचारलं.

"नातं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. होईल."

बहिणीचा जीव भांड्यात पडला. "बघ दादा, 'सख्खे' घालू नकोस म्हणून मी केवढी भांडले होते तेव्हा. बरं झालं, ऐकलं नाहीस माझं."

भाऊ लाजून हसला. त्या कागदाच्या दोन झेरॉक्स मिळतील का, असं तिने बाईंना विचारलं. घरात असलेल्या बऱ्या.

बाईंनी 'पुरावा ग्राह्य'चा शिक्का मारला आणि शाई लागली नसतानाही हात पुसले. मग मंजुरीच्या कागदावर रक्कम लिहिली, तिच्याखाली एक छोटी वजावट. भावाने लगेच तिच्यावर बोट ठेवलं. तो अंत्यविधीचा खर्च आहे, बाईंनी सांगितलं. बेवारस म्हणून सरकारने केला होता, वारस सापडला की कापून घेतात. आकडा असा, की दोघं बाहेर नाश्त्याला बसली असती तर उठेपर्यंत संपला असता.

बहीणभाऊ भिंतीशी जाऊन कुजबुजली. परत आला तेव्हा भावाचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"बाई, एक करता येईल का? पैशांपुरते ते आमचे काका. फक्त अंत्यविधीपुरतं त्यांना बेवारस राहू द्या."

बाईंनी एक कोरा कागद काचेखालून सरकवला.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या.

भावाने खिशातून पेन काढलं. कागद टेकवायला काही मिळेना, तेव्हा बहीण त्याच्यासमोर पाठमोरी उभी राहिली आणि नीट लिहिता यावं म्हणून थोडी वाकली.