मापाची सायकल

"पाय पूर्ण खाली ने. टाच पेडलवर टेकली पाहिजे," मिस्त्री म्हणाला.

त्याच्या बायकोने टाच टेकवली. दुकानातल्या लोखंडी घोडीवर सायकल चढवलेली होती, दोन्ही चाकं जमिनीपासून वर. ती हँडल घट्ट धरून बसली होती.

"गुडघा दुखतो?"

"नाही."

"पाठ?"

"नाही हो. छान आहे."

"छान आहे, तर मग रोज उशीर का होतो?"

तिने हँडल आणखी घट्ट धरलं.

पुलापलीकडच्या बटणांच्या कारखान्यात ती बटणं निवडायला जात होती. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिने ही नोकरी स्वतःच शोधली होती. तिथे भिंतीतला एक कप्पा तिच्या नावाचा होता आणि त्याची किल्ली ती गळ्यात घालायची. आज सुट्टी होती, पण काल सुपरवायझरने सांगितलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तर पुन्हा येऊ नका. हे घरी सांगताना तिने डोळ्यांना पदर लावला होता. मिस्त्रीने रात्रीचं जेवण अर्धं टाकलं.

त्याला इलाज एकच ठाऊक होता. आधी त्याने चिखलासाठी मोठे मडगार्ड बसवले. मग डब्यासाठी कॅरिअर, पुढे टोपली. रस्ता खडबडीत म्हणून जाड टायर. संध्याकाळ लवकर होऊ लागली तसा दिवा. सायकल पडू नये म्हणून दोन पायांचा स्टँड. उशीर मात्र कमी झाला नाही, उलट वाढलाच.

शेजारचा शिंपी मानेवर टेप टाकून दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, याच्या नादी लागू नका. उद्या हा सायकलीला छप्पर बसवील."

"बसवीनही," मिस्त्री म्हणाला. "तू तुझ्या काजांकडे बघ."

"अरे पण ही सायकल आहे की बैलगाडी?"

मिस्त्री हसला. बायको हसली नाही.

मिस्त्रीने साखळीवरून बोट फिरवलं आणि ते शिंप्याच्या नाकासमोर धरलं. "बघ. एवढे महिने झाले, टायर घासले, पण साखळी नव्यासारखी. पेडलसुद्धा तसेच. का सांग? माप! माप बरोबर घेतलं की सायकल आपोआप चालते, जोर लावावाच लागत नाही."

"मग पेडल ठेवलेस कशाला? काढून विकून टाक."

"तुला नाही कळायचं. तू कपडे सैल करून देतोस आणि म्हणतोस, धुतल्यावर बसतील."

शिंपी हात झटकून आपल्या दुकानात गेला. बायको बेताने खाली उतरली. समोरच्या थांब्यावर बस येऊन थांबली होती. ती बस जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

"अहो, मी काय म्हणते, ही बस थेट पुलापलीकडे जाते."

"मग?"

"मग काही नाही. आपलं सांगितलं."

"सायकल मिस्त्रीची बायको दुकानासमोरून बसमध्ये चढणार? गिऱ्हाइकं काय म्हणतील? त्यापेक्षा मी दुकानाला टाळं लावतो."

"तसं नाही हो. माझं जरा ऐकाल का? मला ना..."

"थांब. आधी हे बघ."

त्याने फळीखालून जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उलगडलं. आत लहानमोठ्या दातेरी चकत्या होत्या, तेल लावून पुसून चकचकीत केलेल्या.

"गिअर," तो म्हणाला. "कुठे मिळत नव्हते. सगळा बाजार पालथा घातला. तुझ्या पुलाच्या चढासाठी." मग मान खाली घालूनच पुढे म्हणाला, "दमून येतेस. पाय चेपत बसतेस स्वयंपाकघरात. मला काय दिसत नाही?"

तिने त्याच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. मग चकत्यांकडे.

"तू काहीतरी सांगत होतीस."

"काही नाही," ती म्हणाली. "बसवा."

दिवेलागणीपर्यंत तो काम करत होता. ती शेजारी बसून हवा तो पाना हातात देत होती. काम झाल्यावर त्याने सायकल घोडीवरून उतरवली. उतरवताना त्याला दम लागला.

"मार एक चक्कर."

"आता कुठे? अंधार पडला. उद्या जायचंच आहे की."

सकाळी तो नेहमीप्रमाणे तिच्या आधी निघाला. कामावर जाणाऱ्यांना हवा भरायची असते, दुकान लवकर उघडावं लागतं. "आता चढावरही उतरावं लागणार नाही," तो चपला घालताना म्हणाला. "नोकरी कुठे जात नाही तुझी."

"हो," ती म्हणाली.

पुलाच्या चढावर सगळेच सायकलवाले उतरून सायकली ढकलत होते. तीही ढकलत होती. माथ्यावर पोचल्यावर एकेक जण टांग टाकून बसला आणि उताराला लागला. तिच्याच टेबलावर बटणं निवडणारी एक मुलगी वेगात पुढे गेली, मग ब्रेक दाबून थांबली.

"काकू, पळा! सुपरवायझर आज फाटकातच उभा राहणार आहे."

"पळतेच आहे गं."

ती खरंच पळत होती. दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकलीच्या बाजूने, उतारावर सुटू पाहणारी सायकल मागे खेचत.

"रोज एवढं धूड ढकलत आणता. सायकल येत नाही म्हणून काकांना सांगून का टाकत नाही एकदाचं?"

"काल सांगणारच होते," ती धापा टाकत म्हणाली. "पण त्यांनी गिअर आणले होते."