प्रति शंभर ग्रॅम

“राजमा लिहू?” लॅपटॉपवरची नजर न काढता उल्का मॅडमनी विचारलं.

“घेवडा,” शालूबाई म्हणाली. “वाघ्या घेवडा.”

उल्का मॅडम कोथरूडच्या आहारतज्ज्ञ. खराडीतल्या त्या काचेच्या आयटी कंपनीनं आरोग्य सप्ताहासाठी त्यांना खास बोलावलं होतं. कॉम्प्युटरच्या यादीत जे नसतं ते जगात असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, आणि यादीत घेवडा नव्हता.

“एकच की हो ते. राजमा म्हणा, घेवडा म्हणा.”

“राजमा आमच्यात पाहुणा म्हणून येतो, बाई. घेवडा घरचा हाय.”

“मग ‘इतर’मध्ये टाकते.”

इतर तर इतर. शालूबाई वाघोलीहून काही मानपान घ्यायला आली नव्हती. कडधान्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेला पदार्थ कंपनीचं कॅन्टीन दर आठवड्याला करणार होतं, आणि धान्यही जिचं तिच्याकडूनच घेणार होतं. तिची बाकीची जमीन केव्हाच इमारतींखाली गेली होती. घरामागं नऊ गुंठे उरले होते. तिथं पावसाळ्यात ती घेवडा टोकायची. ते बी आता गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. आणि ऋषीला, तिच्या मुलाला, त्याच नऊ गुंठ्यांत गाड्या धुवायचं सेंटर टाकायचं होतं. काल जेवताना मायलेकांचा सौदा ठरला होता : कॅन्टीननं घेवडा घेतला तर रान आईचं, नाही घेतला तर ऋषीचं.

चवीचं काम तर फत्ते झालं होतं. परीक्षकांनी तिच्या उसळीला चवीचे पन्नासपैकी पन्नास दिले होते, आणि तिघांपैकी एकानं पातेलं भाकरीनं पुसून घेतलं होतं. पण चव ही नुसती चाळणी होती; पहिले तीन पोषणमूल्यावरच ठरणार होते.

“पाकीट दाखवा,” उल्का मॅडम म्हणाल्या.

“कशाचं?”

“घेवड्याचं. पाकिटाच्या मागं छापलेलं असतं ना, प्रति शंभर ग्रॅम प्रथिनं किती ते.”

“शेंगंच्या मागं काय छापलेलं नसतं, बाई.”

रांगेत मागं सोयाबीनच्या कटलेटवाली श्रद्धा उभी होती. तिनं पाकीट आधीच काढून हातात धरलं होतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं, मग शालूबाईकडं, मग पुन्हा घड्याळाकडं.

“बरं, अंदाजे सांगा,” उल्का मॅडमनी सुस्कारा सोडला. “पोषणमूल्य. म्हणजे खाल्ल्यावर अंगात किती ताकद येते, ते.”

शालूबाईचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी सरळ प्रश्न विचारला होता.

“असं इचारा की. आमचं मालक सकाळी सातला वाटीभर घेवडा अन् भाकर खाऊन औत धरायचे. दुपारी दोन वाजेपस्तोर भुकेचं नाव न्हाई. मटकी खाल्ली की अकरालाच बांधावर येऊन बसायचे. हुलगा असला तर बारा. एकदा हौसेनं राजमा केला, तर ते आलेच न्हाईत. बघते तर लिंबाखाली झोपलेले.”

तीस वर्षं, एकच माणूस, एकच रान, एकच वाटी. इतका काटेकोर प्रयोग उल्का मॅडमनी एमएस्सीलाही केला नसावा.

“मावशी, गोष्ट नको. या कॉलममध्ये फक्त आकडा जातो.”

शालूबाईनं कॉलमकडं पाहिलं. खरंच लहान होता.

“मंग दोन लिवा.”

“दोन?” उल्का मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली.

“कधी कधी अडीच व्हायचे. पण खोटं कशाला सांगू? दोनच लिवा.”

असा प्रामाणिकपणा हल्ली पाहायला मिळत नाही, असं उल्का मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दोन लिहिलं.

अर्ध्या तासानं भिंतीवरच्या पडद्यावर यादी आली. सोयाबीन : छत्तीस. परदेशी डब्यातले चणे : एकोणीस. अशी उतरत उतरत ती तळाला गेली. इतर : दोन. त्याखाली फक्त काकडीची कोशिंबीर होती. तीही कुणीतरी चुकून भरली होती.

शालूबाई पातेलं घेऊनच टेबलापाशी गेली.

“बाई, ते दोन वाजायचे व्हते.”

“कसले?”

“दुपारचे.”

उल्का मॅडमनी क्षणभर विचार केला. त्यांना कळलं की नाही, ते सांगणं कठीण. “आता लॉक झालंय हो, मावशी. माझ्या हातात काही नाही. पण उसळ अप्रतिम होती हं. रेसिपी द्याल का?”

शालूबाईनं रेसिपी दिली. त्यांनी तीही लॅपटॉपमध्ये लिहून घेतली, राजमा या नावाखाली.

गेटबाहेर ऋषी गाडी घेऊन थांबला होता. त्यानं आईच्या हातातलं पातेलं घेतलं, मागच्या सीटवर ठेवलं.

“किती आलं?”

“दोन.”

“शंभरात?”

“शंभर ग्रॅमात.”

“अन् पहिला आला त्याचं?”

“छत्तीस.”

ऋषी हसला नाही. पोरगा वाईट नव्हता. छत्तीसच्या जागी घेवडा असता, तर त्यानं सेंटरचं नाव पुन्हा काढलं नसतं. शब्दाचा पक्का होता, तीच तर पंचाईत होती.

“अरं, पण ते दोन म्हंजे...”

“आई, आकडा हाय तो. आकड्याशी कुठं भांडती?” त्यानं मोबाईल कानाला लावला. गाड्या धुवायच्या मशीनवाल्यानं पलीकडून विचारलं असावं, की रानात काही झाड, पीक, काही आहे का.

“न्हाई न्हाई,” ऋषी म्हणाला, “काय बी न्हाई त्यात.”