टिंग

निळी चमकी.

"कृपया दरवाजा बंद कीजिए."

सातव्या मजल्यावरून: "कोण तो मेलो, दार उघडा टाकून गेलो?"

रत्नागिरीला बारसं.

टिंग.

ही टिंग विद्याधर सरांच्या घंटीची. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी, डोक्यावर टपली मारली की वाजणारी. सर शिक्षकांना शिकवतात. मुलांनी आपल्या वस्तीतले खरेखुरे प्रश्न सोडवावेत आणि शिक्षकांनी मध्ये लुडबुड करू नये, हे शिकवतात. नियम एकच. उत्तर सांगायचं नाही. विचारायचं, "तुला काय वाटतं?" सांगितलं की टिंग. प्रात्यक्षिकात तीन टिंग झाल्या की दिवाळीच्या सुट्टीत अख्खं प्रशिक्षण पुन्हा.

आज जयंतीबाईंचं प्रात्यक्षिक. आत्ता सर मुलुंडच्या एका सोसायटीत तळमजल्यावर, लिफ्टसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत. मांडीवर घंटी. जिन्याच्या पायऱ्यांवर बाकीचे शिक्षक, नाटकाला बसल्यासारखे. समोर जयंतीबाई, त्यांचा सातवीचा वर्ग आणि बाईंनी केलेली पुठ्ठ्याची आदर्श वस्ती. तिच्यात शाळा, बाग आणि निळाशार नाला. सर रोज "सुधारून आणा" म्हणायचे, बाई रोज ती वस्ती कवेत घेऊन प्रशिक्षणाला पळायच्या.

बाईंच्या दोन टिंग होऊन गेल्या होत्या. सवय, दुसरं काय. इतकी वर्षं त्या अर्धा शब्द सोडून द्यायच्या आणि वर्ग तो पुरा करायचा. पाण्याचं होतं बाष्पी...? भवन! आजही जीभ तशीच सुटली.

"दार उघडं राहिलं की लिफ्ट पडते बं...?"

"द!"

टिंग.

"आणि वरच्यांना उतरावं लागतं जि...?"

"न्याने!"

टिंग.

पायऱ्यांवरचे शिक्षक हसून हसून एकमेकांवर कलंडले. बाई हसल्या नाहीत. दिवाळीत रत्नागिरीला पहिल्या नातीचं बारसं होतं. आणखी एक टिंग, की ते गेलं.

प्रश्न मुलांनीच निवडला होता. ऋतिका याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहते, बाई सहाव्या. गेले काही दिवस रोज सकाळी कुणीतरी तळमजल्यावर लिफ्टचं जाळीचं दार उघडं टाकून जात होतं. लिफ्ट खाली "कृपया दरवाजा बंद कीजिए" करत अडकायची आणि ऋतिकाचे आजोबा गुडघे धरून वर. सोसायटीने गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. घरकाम करणारी शेवंती. यापुढे तिने लिफ्ट वापरायची नाही, सगळे मजले जिन्याने.

शेवंती भिंतीला टेकून उभी होती. "मी कशाला टाकू दार उघडं? माझी काय लिफ्टशी दुश्मनी आहे?"

"तर," बाई म्हणाल्या, आणि ओठ गच्च मिटले. मग सावकाश, "तुम्हाला काय वाटतं?"

सरांनी मान डोलावली. झकास.

सर्वेश लिफ्टमध्ये उकिडवा बसला. बोटाने फरशी पुसली आणि बोट बाईंच्या नाकासमोर धरलं. "बाई, हे काय आहे?"

"चम..." बाईंनी जीभ चावली. सरांचं बोट घंटीवरून मागे गेलं. "तुला काय वाटतं?"

"चमकी. निळी. शेवंतीमावशी चमकी लावून येते?"

"भांडी घासायला?" शेवंती म्हणाली. "मग काय, मेकअप पण करते ना!"

पायऱ्या पुन्हा कलंडल्या.

"दार का लावलं नसेल, बाई?" ऋतिकाने विचारलं. "त्या माणसाला हात नसतील?"

"असतील की."

"मग हातांत काही असेल?"

"असेल."

"मोठं? चमकीचं? रोज सकाळी नेण्यासारखं?"

बाईंनी वस्तीकडे पाहिलं. चमकीच्या नाल्याकडे पाहिलं. मग हळूच आपलं कोपर वळवून पाहिलं. निळं.

गप्प राहिलं, तर काहीच बिघडत नव्हतं. नियमच तो होता. बारसं पक्कं होतं. भिंतीपाशी शेवंती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

"बाई," ऋतिका म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

एवढासा शब्द. अर्धा सोडायला जागाच नव्हती.

"मीच गं! दोन्ही हातांत ही मेली वस्ती! कोपराने दार ढकलायचं, लागलं असं समजायचं आणि पळायचं!" मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. शेवंतीला फुटलं, सर्वेशला फुटलं, पायऱ्यांवर तर वाटच लागली.

वरून आवाज आला, "गावलो काय रे तो मेलो?"

"गावली, आजोबा!" वर्ग एका सुरात ओरडला. "आमच्या बाई!"

शेवंतीने लिफ्टचं दार खण्णकन ओढलं आणि ती लिफ्टने वर निघालीसुद्धा.

आता सरांना नियम आठवला. त्यांचं बोट घंटीकडे गेलं. ऋतिकाने घंटीवर तळहात ठेवला.

"सर, टिंग कशाला? उत्तर आम्ही सांगितलंच नाही. बाईंनी आपलं आपण शोधलं."

सरांनी बोट मागे घेतलं. घंटी वाजली नाही.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सोमवारी सकाळी ऋतिका दूध आणायला जिन्याने उतरली होती, तेव्हा जयंतीबाई वस्ती कवेत घेऊन, कोपराने दार ढकलत लिफ्टमधून बाहेर पडत होत्या.