सरकलेल्या ओळी

जिवंत माणसाचा मत्सर कधी ना कधी थकतो, कारण त्या माणसाचे दोष रोज डोळ्यांपुढे येत राहतात. दिवंगताच्या मत्सराला ही विश्रांती नाही. मृत्यूने वैजयंतीचे सारे दोष धुऊन नेले होते, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, मंजुषाच्या, पदरात केवळ तुलना टाकली होती.

आज तीच वैजयंती मंगरूळपीरच्या एका दुकानातल्या पडद्यावर नवरी होऊन उभी होती, आणि तिला चेहरा नव्हता.

कॅसेट जुनी होती. खांद्यांपर्यंत चित्र स्वच्छ येई. शालू दिसे, हिरवा चुडा दिसे, मुंडावळ्यांची टोके दिसत. त्याच्या वर मात्र सारे काही वाऱ्यावरच्या पताकेसारखे एका बाजूला ओढले जाई. दुकानदार मदनसिंग हसून म्हणाला, "पाहा वहिनी, नवरीचं धड तिकडं किन्हीराजा गावाले अन् तोंड मंगरूळले."

मंजुषाला हसू आले नाही. तिला बरे वाटले. असे बरे वाटावे याचे तिला नवलही वाटले नाही.

वैजयंती गेली तेव्हा तिची लेक साक्षी रांगत होती. लेकराला परकी आई नको, म्हणून वडीलधाऱ्यांनी मंजुषालाच मेहुण्याच्या, बबनरावांच्या, घरी दिले. गावच्या देवळात चार माणसांदेखत हार घातले गेले. वाजंत्री नव्हती, कॅमेरा तर नव्हताच. त्या दिवसापासून ते लेकरू तिचे झाले. गोवराच्या तापात ती त्याला मांडीवर घेऊन बसली. पुढे वाशीमच्या कॉलेजात घालायचे म्हणून नवऱ्याशी भांडली. पण साक्षी तिला मावशीच म्हणत राहिली. घरच्यांनी तसेच शिकवले होते. 'आई' हा शब्द भिंतीवरच्या तसबिरीसाठी राखून ठेवलेला होता. संक्रांतीचे पहिले कुंकू तसबिरीला लागे. बबनराव वरणाचा घास घेत आणि काही न बोलता मिठाकडे हात नेत. त्या न बोलण्यातही मंजुषाला ताईचे नाव ऐकू येई.

आता साक्षीचे लग्न ठरले होते. वाशीमहून तिने फोन करून सांगितले, की बाबांच्या पहिल्या लग्नाची ती जुनी कॅसेट मदनसिंगकाकांकडे पोचती कर, मोबाईलवर घ्यायची आहे. मंजुषाने कॅसेट लुगड्यात गुंडाळली आणि एसटीत बसली. वाटभर एकच विचार तिला टोचत होता. जिच्यासाठी आपण झिजलो, तिला मांडवात जाताना तसबिरीतलीच आई हवी आहे.

मदनसिंगने दोष समजावून सांगितला. फीत ताणली गेली की चित्राच्या ओळी जागच्या सरकतात, आणि वरच्या ओळी सर्वांत जास्त. त्या पुन्हा एका रांगेत आणणारे यंत्र त्याच्यापाशी होते. मात्र फीत आता झडू लागली होती. एकदा उतरवून घेतली की ती पुन्हा चालेल याची हमी नव्हती. जे करायचे ते आत्ताच. ते यंत्र जोडू काय, एवढेच तो विचारत होता.

"राहू द्या," मंजुषा म्हणाली. "जुनं हाय, जुन्यावानीच दिसू द्या."

शब्द अगदी सहज आले. ते किती वर्षे ओठांमागे थांबून होते, हे तिचे तिलाच ठाऊक.

मदनसिंगने मान खाजवली.

"मंग पोरीले काय सांगू? साक्षीचा फोन आलता मले. म्हने, काका, फीत खराब हाय, नवरीचं तोंड नाई आलं तरी चालते, तिचा फोटो हाय घरी. पन तिच्या मांगं करवली उभी हाय, हाती करा घेतलेली, ते माही आई हाय. तिच्या लग्नात कोनी फोटोच नाई काढला. तिचं तोंड साफ करून द्या, मांडवात मोठं करून लावाचं हाय." तो पडद्याकडे वळला. "कोन हाय वहिनी ते पोरगी? तुमी ओळखता काय?"

मंजुषाने पाहिले. नवरीच्या पाठीशी पाण्याचा करा धरलेले दोन कोवळे हात होते. करा जड होता, हात भरून आले होते, आणि ताईने कुजबुजून विचारले होते, "थकली काय वं?" ते तिला आत्ता आठवले. हातांच्या वर चेहरा नव्हता. नवरीचा गेला होता त्याच दिशेला तोही वाकून गेला होता.

तिने त्या हातांकडे बोट केले. नंतर अगदी हळू आवाजात तिने विचारले, "निस्तं मांगचीचं तोंड सरळ नाई होत काय?"

विचारताच तिने मान खाली घातली.

"ओळ एकच हाय वहिनी," मदनसिंग म्हणाला. "सरळ होतील तं दोघी होतील, नाई तं कोनीच नाई."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. मंजुषा उठली नाही. तिने डोळ्यांना पदर लावला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

"करा मंग," ती म्हणाली. "ते नवरी माही ताई हाय. अन् करवली मी."

मदनसिंगने यंत्र जोडले. ओळी थरथरल्या, मागेपुढे झाल्या आणि एकेक करून आपल्या जागी स्थिरावल्या. ज्या लेकीने आपल्या दोन्ही आयांना असे एका ओळीत उभे केले, तिचे कल्याण असो. पुढे उभ्या असलेलीला शांती लाभो, आणि मागे उभ्या असलेलीला 'आई' ही हाक उदंड ऐकू येवो.