सात नंबरचा वॉल्व

रीना क्लासवरून परतली तेव्हा वैशाली नगरातल्या त्यांच्या घरासमोर कंपनीची जीप उभी होती. पुढच्या खोलीत बाबांचे साहेब, धनंजय, खुर्चीच्या कडेवर बसले होते. आई भिंतीला टेकून उभी होती.

"ये बेटा," साहेब म्हणाले आणि त्यांनी नजर वळवली. बाबांचं काहीतरी झालंय, हे रीनाला कळलं.

तिचे बाबा श्यामराव मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या एका जुन्या गॅसफील्डवर ऑपरेटर होते. तिथून गॅस काढून रिकाम्या झालेल्या थरांत आता कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड टँकरनं आणून खोल विहिरींतून दाबून भरत. बाबा सुट्टीवर आले की हसून सांगायचे, "धुराले जमिनीत कोंडाचं अन् वर पहारा देत बसाचं, हेच आपलं काम."

"काल संध्याकाळी सात नंबरच्या विहिरीचं सिमेंट फुटलं," साहेब सांगू लागले. "गॅस वर आला. दिसत नाही, वास येत नाही, हवेपेक्षा जड. उताराकडं वाहत जातो, आणि उतारावर वस्ती आहे. वॉल्व बंद करायचा तर विहिरीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात उतरावं लागतं. श्यामराव उतरले. त्यांनी वॉल्व बंद केला. वस्तीतलं एकही माणूस दगावलं नाही."

"आणि बाबा?"

साहेबांनी मान खाली घातली. "खड्ड्यात अजून गॅस आहे. कॅमेरा सोडला होता. पालथे पडलेले दिसले. कंपनीच्या नारिंगी जॅकेटवरून ओळखलं. उद्या सकाळपर्यंत बाहेर काढतील."

रीना साहेबांसमोर येऊन उभी राहिली. आई जागची हलली नाही.

"एकटेच होते बाबा?"

"ड्यूटीवर दोघं होते. दुसरा चिंधू, तिथल्याच गावचा, ठेक्यावरचा. त्याला तर कंपनीचं जॅकेटसुद्धा नाही. तो पळाला. पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याची बायको सकाळपासून गेटवर बसून आहे. माझा माणूस पळणाऱ्यातला नाही म्हणते. लोक तिला घोटभर पाणी द्यायला तयार नाहीत."

"नकोच द्यायला!" रीना ओरडली. "बाबा अंदर मर रहे थे और वो भाग गया?"

"हळू बोल," आई म्हणाली.

साहेब तिच्याकडे वळले. "वहिनी, गेटवर त्यांच्या नावाचा दगड बसवू. रीनाला नोकरी लावू. माझा शब्द आहे."

"मले काई नको."

"वहिनी..."

"त्याचं तोंड पाह्यलं का कोणी?"

आई बाबांविषयी कधी असं एकेरी बोलत नसे. दुःखात माणसाचं भान सुटतं, असं रीनाला वाटलं.

"नाही अजून," साहेब चाचरले. "उद्या पाहायला मिळेल."

"मंग तवरिक दगड-बिगड काई ठरवू नका. अन् त्या चिंधूवरची तक्रार मागं घ्या. आजच घ्या."

साहेबांचे डोळे भरून आले. "फार मोठं मन आहे तुमचं, वहिनी." हात जोडून ते निघाले.

जीप वळणाआड गेली तशी रीना आईवर उसळली. "तू कावून अशी बोलून राहिली होती? बाबांनी पूरी बस्ती बचाई, अन् तुले काई नको? रडू तरी येते का तुले?"

आईनं पुढचं दार लावून कडी घातली, खिडकी ओढून घेतली. मग कमरेची किल्ली काढून मागच्या खोलीचं कुलूप उघडलं.

आत पलंगावर, गुडघे पोटाशी घेऊन, बाबा बसले होते. अंगात कंपनीचं नारिंगी जॅकेट नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"रीना," ते म्हणाले, "चिंधूची बायको अजून गेटवरच बसली हाय का?"