एक्केचाळीस नंबरची रेकॉर्ड

सही करायच्या आधी बापाने एक गाणं ऐकायला मागितलं.

पेन हातात होतं. बक्षीसपत्र टेबलावर पसरलेलं होतं. घर मुलाच्या नावावर करायचं, एवढंच काम. साक्षीला बापाची धाकटी बहीण, म्हणजे मुलाची आत्या, येऊन बसली होती. सून तिला तीनदा चहाचं विचारून गेली. एरवी या घरात तिला पाणीही कुणी विचारत नसे.

मुलगा खूश झाला. मिरवायला मिळालं की तो खूशच व्हायचा. बापाच्या नव्वद रेकॉर्ड त्याने दीड महिना खपून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. खपून म्हणजे काय, तर एक बटण दाबून. बाकी वेळ तो त्याच टेबलाशी बसून फोनवर बोलायचा. बाप चाळीस वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रक होता. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता की, आवाज कुठून आत जातोय ते एकदा तपास. त्यावर मुलगा हसला होता. असल्या लोकांना हसायला फार कमी लागतं.

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही फक्त बाजू उलटा."

मग बापाने दीड महिना बाजू उलटल्या. शेवटचं गाणं संपत आलं की आतल्या खोलीतून यायचा, दारात थांबायचा. सुई उचलायचा, रेकॉर्ड पुसायचा, उलटायचा आणि परत जायचा. मुलगा प्रत्येक फाइलचे पहिले दहा सेकंद ऐकायचा. गाणं जरा लांबून आल्यासारखं वाटलं तर म्हणायचा, जुनं आहे, असंच वाजणार. नव्वद रेकॉर्डमधलं एकही गाणं त्याने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आणि आत्याला सांगत होता की, बाबांचं संगीत मी अमर केलं. रेकॉर्ड खोक्यांत बांधून दाराशी ठेवल्या होत्या. उद्या भंगारवाला येणार होता.

"बोला बाबा, कुठलं लावू? नुसतं नाव घ्या, सेकंदात लावतो."

बापाने खिशातून चिठ्ठी काढली. एक्केचाळीस नंबर, पहिली बाजू, शेवटचं गाणं.

मुलाने लावलं. गाणं शेजारच्या घरात चालू असावं तसं आलं. त्यात पंखा घरघरत होता. मुलाने आवाज मोठा केला. तेव्हा त्याचाच आवाज आला, अगदी जवळून, स्वच्छ. तो मेहुण्याशी फोनवर बोलत होता.

"सहीपर्यंत बाबा बाबा करायचं. मग बाल्कनी काचा लावून बंद करतो आणि तिथे एक कॉट टाकतो. म्हाताऱ्याला काय, कुठेही झोपेल. साक्षीला आत्याला आणतोय. तिला धड दिसत नाही, बोट ठेवू तिथे सही करेल."

मुलाने माऊसवर झडप घातली. दीड महिना रोज दाबलेलं बटण त्याला सापडेना. शेवटी त्याने स्पीकरची वायरच उपटली. मग सांगत सुटला की, सेटिंग चुकलं, वायरमधून आवाज घ्यायच्या ऐवजी कॉम्प्युटरचा माइकच चालू राहिला, सगळ्या नव्वद रेकॉर्ड पुन्हा कराव्या लागतील. त्याला लाज वाटत होती ती सेटिंगची. बोलण्याची नाही.

आत्याने भावाच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्याला टोपण लावलं.

"दादा, माइक चालू आहे हे तुला ठाऊक होतं?"

बाप उठला आणि दाराशी जाऊन पहिल्या खोक्याची दोरी सोडायला लागला.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "पण मला यातलं कळत नाही ना. मी आपला बाजू उलटत राहिलो."